छातीएवढ्या उंचीवर

झाड मोजायचं ते छातीएवढ्या उंचीवर.
जमिनीपासून एक मीटर सदतीस.
कोणाच्या छातीएवढ्या, ते पुस्तकात नव्हतं.
सरांनी काठीला लाल चिकटपट्टी लावली,
काठी मैनीबाईशेजारी उभी केली,
पट्टी तिच्या हनुवटीला लागली.
"लंबा असन तो छातीवाला," ती म्हणाली
आणि टेप घेऊन पहिल्या येनाला मिठी मारली.

दोनशे ऐंशी रुपये रोज. वही माझ्याकडे.
येन, धावडा, बीजा, तेंदू,
ती घेर सांगायची, मी लिहायचो,
सरांचा मोबाईल त्यातून कार्बनचे टन काढायचा.
मोहाला मात्र ती टेप सैल धरायची.
सर म्हणाले, आवळा जरा.
"फुलावर आहे जी. पोटुशीले कोणी आवळते का?"
म्हणून आमच्या वहीत सगळे मोह
दोन-दोन बोटं जाड आहेत.

तिसऱ्या दिवशी जेवताना सरांनी शब्द शिकवला:
गावानं सरपण काढलं की हिशोबात ती गळती.
मैनीबाई डोक्याखालची चुंबळ काढून
तिच्याकडे बघत राहिली.
"म्हणजे चाळीस वर्स मी गळूनच राहिली."

मग ग्रामसभा. कागद मी वाचला.
पान सहा, मधला परिच्छेद:
सदर प्रकल्प नसता, तर हे जंगल
गावकऱ्यांनी तोडून टाकलं असतं.

"पुन्हा वाच," सुकराम हलामी म्हणाला.
पुन्हा वाचलं.
"कोन तोडलं असतं?"
तसं लिहावं लागतं काका, सर म्हणाले,
नाहीतर वाचवलं हे सिद्ध होत नाही.
"बांबूचे ट्रक आले त्या साली
सतरा रात्री सडकेवर झोपलो आम्ही.
हा सडकू तेथंच झाला. इचारा त्याले."
सडकू मागे उभा होता, कानात हेडफोन.
सगळे वळले तसा एक कान मोकळा केला.

पैसे नको होते असं नाही.
बोअरला मार्चमध्येच गाळ येतो,
तेंदूचा भाव पडला, शाळेला छप्पर नाही.
अर्धी सभा म्हणत होती, टाका आंगठा.
मैनीबाईनं विचारलं, घेणारा कोण?
ते नंतर ठरतं, ताई.
"मंग त्याची चिमणी कोठं आहे?"
कुठेही असू शकते. हवा तर एकच आहे ना.

"एक नाही जी.
माझी पोरगी दिली चंद्रपूरकडे, चिमणीखाली.
तेथं दोरीवरच्या लुगड्यावर बोट फिरवलं
का हवा दिसते.
आमची दिसत नाही."

सर पाणी प्यायले.
कोणीतरी म्हणालं, तेवढं एक वाक्य खोडा, मग बघू.
वाक्य खोडता येत नाही, सर हळू म्हणाले,
सगळा कागद त्याच्यावरच उभा आहे.
ते खोटं बोलत नव्हते. मला त्यांची कीव आली.
रात्री साडेअकराला मी रजिस्टरात लिहिलं:
विषय क्रमांक चार, पुढील सभेत.

सर गेले. टेप राहिली.
उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी आली,
सोबत नात, रोशनी, सात वर्षांची,
रात्रभर खोकणारी.
सकाळी मैनीबाईनं तिला अंगणात उभं केलं,
छातीभोवती टेप गुंडाळली, सैल.
भर श्वास. सोड. पुन्हा भर.
मग मला हाक मारली, वही आण म्हणून.

वहीत रकाने छापलेले होते.
घेर लिहिला: भरून चोपन्न, सोडून त्रेपन्न.
त्याच्याआधीचा रकाना होता, जात.
तो मी रिकामा ठेवला.
"नंबर तं टाक," मैनीबाई म्हणाली.
शेवटचं झाड चारशे बारा होतं.
मी चारशे तेरा टाकला.